बोटांच्या हक्काची लिपी

इ. स. १८५२ च्या जानेवारीत पॅरिसच्या वृत्तपत्रांना मजकुराची चणचण नव्हती. लुई नेपोलियनने सत्ता बळकावून जेमतेम महिना उलटला होता, नवी राज्यघटना येऊ घातली होती आणि राजकीय विरोधकांची धरपकड चालू होती. या धामधुमीत ६ जानेवारीला शहरातील अंध मुलांच्या सरकारी शाळेच्या रुग्णकक्षात क्षयाने झिजलेला एक शिक्षक मरण पावला. दोनच दिवसांपूर्वी त्याने त्रेचाळीस वर्षे पूर्ण केली होती. या मृत्यूची दखल घ्यावी असे पत्रांना वाटले नाही. वाटावे असे त्यांना काही ठाऊकही नव्हते. आज जगातील शंभराहून अधिक भाषा ज्या लिपीत बोटांनी वाचल्या जातात तिला त्या शिक्षकाचेच नाव आहे. आणि ते नाव इतके सर्वतोमुखी झाले आहे की ते एका माणसाचे आहे याचाच पुष्कळांना विसर पडतो.

लुई ब्रेल यांचे चरित्र बहुधा एका अद्भुत बालकाची कथा म्हणून सांगितले जाते. तिसऱ्या वर्षी डोळा गेला, पंधराव्या वर्षी लिपी शोधली, आणि अंधांना ज्ञानाचे दार उघडले, अशी ही तीन वाक्यांत आटोपणारी कथा. तीत खोटे काही नाही. परंतु तीतून जे गळते तेच अधिक विचार करण्याजोगे आहे. लिपी सिद्ध झाल्यापासून फ्रान्सने ती अधिकृतपणे स्वीकारीपर्यंत तीस वर्षे जावी लागली. ज्या शाळेत ती जन्मली त्याच शाळेत काही काळ तिला मज्जाव होता. हा मज्जाव करणारे लोक अंधांचे वैरी होते असेही नाही. त्यांच्या शिक्षणात उभे आयुष्य घालविलेले ते डोळस, विद्वान आणि सद्हेतू बाळगणारे गृहस्थ होते. ब्रेल यांच्या आयुष्याकडे पाहावयाचे ते या विसंगतीसाठी.

पॅरिसच्या पूर्वेस सुमारे चाळीस किलोमीटरवर कूव्रे नावाचे गाव आहे. तेथे ४ जानेवारी १८०९ रोजी लुईचा जन्म झाला. वडील सिमों-रने हे खोगिरे आणि घोड्यांचा साज बनविणारे कारागीर. घरची थोडी शेती, द्राक्षमळा आणि हातात चालता धंदा. म्हणजे कुटुंब श्रीमंत नसले तरी खाऊनपिऊन सुखी होते. चार भावंडांत लुई सर्वांत धाकटा. १८१२ साली तीन वर्षांचा हा पोर वडिलांच्या कारखान्यात शिरला, चामड्याचा तुकडा घेऊन वडिलांसारखे काम करू लागला, आणि हातातले हत्यार निसटून डोळ्यात घुसले. ते हत्यार चामड्याला भोके पाडावयाची आरी होती की चामडे कापावयाची वाकडी सुरी, याविषयी चरित्रकारांत एकमत नाही. जंतूंचे शास्त्र अद्याप जन्मास यावयाचे होते. जखम चिघळली, दाह दुसऱ्या डोळ्यात उतरला, आणि पाचवे वर्ष लागता लागता मुलगा पूर्ण अंध झाला.

त्या काळच्या खेड्यात अंध मुलाचे भवितव्य ठरलेले असे. घरचे असेतो घराचा कोपरा, नंतर चर्चची पायरी आणि पुढे केलेला हात. त्यातच १८१४ साली नेपोलियनचा पाडाव झाला आणि शत्रूच्या फौजा या गावावरून येऊ-जाऊ लागल्या. घरोघर सैनिक उतरले, धान्य, गुरे, चारा यांची वसुली सुरू झाली. अशा दिवसांत ब्रेल दांपत्याने आपल्या आंधळ्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करावा, ही गोष्ट साधी नाही. वडिलांनी लाकडाच्या फळीवर खिळे ठोकून त्याला अक्षरांचे आकार बोटांनी ओळखावयास शिकविले, असे सांगतात. गावात नव्याने आलेले धर्मगुरू झाक पालुई यांनी त्याला जवळ घेतले. गावच्या शाळेचे तरुण मास्तर बेशेरे यांनी त्याला डोळस मुलांबरोबर वर्गात बसू दिले. ऐकून ऐकून हा मुलगा वर्गात पुढे राहू लागला. परंतु मुले पुस्तक उघडीत तेव्हा त्याच्या हाताला कोरा कागद लागे. शेवटी गावच्या जहागीरदारांच्या शिफारशीने पॅरिसच्या शाळेत जागा मिळाली, आणि १५ फेब्रुवारी १८१९ रोजी दहा वर्षांचा लुई वडिलांबरोबर पॅरिसला आला.

ही शाळा जगातील आपल्या प्रकारची पहिली. तिचा संस्थापक वालांतँ आउई हा भाषांतराचा व्यवसाय करणारा सुशिक्षित गृहस्थ होता. १७७१ साली पॅरिसच्या एका जत्रेत त्याने पाहिले की काही अंधांना गाढवाचे कान आणि पुठ्ठ्याचे चष्मे चढवून, उलटी-सुलटी वाद्ये हातात देऊन बसविले आहे आणि जमाव त्यांच्या फजितीवर पोट धरधरून हसतो आहे. हे दृश्य त्याच्या मनातून गेले नाही. १७८४ साली चर्चच्या दारी भीक मागणारा फ्रांस्वा लेस्युअर नावाचा तरुण त्याने पहिला विद्यार्थी म्हणून निवडला. भिकेत मिळणाऱ्या पैशांची भरपाई तो पदरचे पैसे देऊन करी. पुढच्याच वर्षी शाळा उभी राहिली. अंध माणूस शिकू शकतो, एवढे एक वाक्य युरोपला पटवून देण्याचे श्रेय निःसंशय आउईचे आहे, आणि ते थोडेथोडके नाही.

पण आउईची पद्धत डोळस माणसाने योजलेली होती. नेहमीचीच रोमन अक्षरे, फक्त आकाराने मोठी आणि ओल्या कागदावर दाबून उठविलेली. पाहणाऱ्याला ती सुंदर दिसत. शिक्षकाला निराळे काही शिकावे लागत नसे. देणगीदारांच्या पुढे मूल उभे केले आणि त्याने त्याच अक्षरांवरून बोट फिरवून शब्द उच्चारला की सभागृह हेलावून जाई. अडचण एवढीच होती की, अक्षराची वळणे डोळा क्षणात टिपतो, बोटाला ती चाचपावी लागतात. ओळीच्या शेवटाला पोचेतो ओळीचा आरंभ विसरावा इतके ते वाचन संथ होते. पुस्तके अवजड, महाग आणि मोजकी. शाळेच्या ग्रंथालयात ती बोटांवर मोजण्याइतकीच होती. सर्वांत मोठी उणीव मात्र वाचनाची नव्हती. या पद्धतीत मुलाला स्वतः काहीच लिहिता येत नसे. छापखान्याशिवाय अक्षर उमटत नसल्यामुळे टिपण, पत्र, हिशेब, मनात आलेला एखादा विचार यांपैकी काहीही अंध मुलाला कागदावर ठेवून पुन्हा वाचता येत नव्हते. त्याला वाचक करण्याचा प्रयत्न झाला होता. तो कधी लिहीलही, ही गोष्ट कोणी हिशेबात धरलेली नव्हती.

लुई आला तेव्हा शाळा एका जुन्या, ओल धरलेल्या इमारतीत भरत असे. पूर्वी ती धर्मगुरूंची पाठशाळा होती, आणि राज्यक्रांतीच्या काळात, १७९२ च्या सप्टेंबरात, तेथे कोंडलेल्या धर्मगुरूंची कत्तल झाली होती. अंधाऱ्या खोल्या, अरुंद जिने, दमट हवा, कडक शिस्त आणि बेताचे अन्न. ब्रेल यांच्या क्षयाचे मूळ याच वास्तूत असावे, असे बहुतेक चरित्रकार मानतात. त्या वेळचे संचालक गिये हे तर संस्थापक आउईलाही शाळेचा उंबरा ओलांडू देत नसत. १८२१ मध्ये गिये गेले आणि पिन्ये आले. त्यांनी वृद्ध आउईला सन्मानाने बोलावून मुलांकरवी त्याचा सत्कार केला. पुढच्याच वर्षी आउई वारला. त्या सत्काराच्या वेळी बारा वर्षांचा लुई शाळेत शिकत होता.

त्याच साली शाळेत आणखी एक पाहुणा आला. शार्ल बार्बिये हा निवृत्त लष्करी अधिकारी आपली बिंदूंची लिपी घेऊन आला होता. रात्रीच्या अंधारात सैनिकांना दिवा न लावता हुकूम वाचता यावेत म्हणून त्याने ती शोधली, ही कथा आजही छापली जाते. अलीकडच्या संशोधनात तिला फारसा आधार सापडलेला नाही. ज्यांना शाळेचे तोंड पाहावयास मिळत नाही अशा सर्वांना, आणि त्यांत अंधांनाही, झटपट लिहिता यावे हा त्याचा मूळ हेतू दिसतो. ते काही असो. बार्बियेने एक मोठे सत्य पकडले होते : बोटाला रेषेपेक्षा बिंदू लवकर कळतो. शिवाय कागदावर टोच्याने बिंदू उठविणे कोणालाही शक्य होते. मुलांच्या हाती प्रथमच लिहिण्याचे साधन आले.

त्या लिपीत दोष मात्र मोठे होते. एकेका उच्चारासाठी दोन उभ्या रांगांत मिळून बारापर्यंत बिंदू लागत. बोटाच्या एका टेकणीत चिन्ह मावत नसे. ती अक्षरांची नव्हे, उच्चारांची लिपी होती. म्हणजे शब्दांचे शुद्धलेखन तीत नव्हते, विरामचिन्हे नव्हती, अंक नव्हते, संगीताची स्वरलिपी नव्हती. फ्रेंचसारख्या भाषेत, जेथे लिहिलेल्या शब्दातील निम्मी अक्षरे तोंडातून बाहेरच पडत नाहीत, तेथे उच्चारावर लिहिणारा माणूस सुशिक्षितांत गणला जाणे शक्य नव्हते. बार्बियेला त्यात वावगे वाटत नसे. गरिबाला आणि आंधळ्याला एवढे पुरे, अशी त्याची समजूत होती. लुईला आणि त्याच्या सोबत्यांना तेवढे पुरे नव्हते.

पुढची दोन-तीन वर्षे हा मुलगा वर्ग संपल्यावर, रात्री इतर निजल्यावर आणि सुटीत कूव्रेला गेल्यावर कागद आणि टोचा घेऊन बसे. १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याची लिपी मुख्यतः सिद्ध झाली. तिची रचना समजून घेण्याजोगी आहे, कारण तिच्या साधेपणातच तिचे सामर्थ्य आहे. दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन, असे सहा बिंदू. हे घर बोटाच्या पेराखाली एका स्पर्शात मावते. यांतील कोणते बिंदू उठवावयाचे आणि कोणते कोरे ठेवावयाचे, यावरून त्रेसष्ट निरनिराळी चिन्हे होतात. पहिली दहा अक्षरे वरच्या चारच बिंदूंत बसविली आहेत. त्यांनाच डावीकडचा खालचा बिंदू जोडला की पुढची दहा होतात. खालचे दोन्ही बिंदू जोडले की त्यापुढची. पहिल्या दहा चिन्हांच्या आधी एक खूण ठेवली की तीच चिन्हे अंक होतात. याच घरांतून स्वरलिपीही उभी राहते. दहा आकृत्या पाठ झाल्या की उरलेली लिपी तर्काने हाती येते, आणि कुशाग्र मूल ती थोड्या आठवड्यांत शिकते. लिहिताना कागद पाटीत अडकवून मागच्या बाजूने टोचावे लागते. म्हणून लेखन उजवीकडून डावीकडे होते, आणि कागद उलटला की तेच डावीकडून उजवीकडे वाचता येते. डोळस माणसाला हे अवघड वाटते. मुलांना वाटत नाही.

१८२९ मध्ये ही पद्धत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. शब्द, संगीत आणि चर्चमधील स्तोत्रगायन बिंदूंनी कसे लिहावे हे सांगणारे ते छोटे पुस्तक आउईच्या उठावदार रोमन अक्षरांतच काढावे लागले, कारण नवी लिपी वाचणारे अद्याप शाळेबाहेर कोणी नव्हते. प्रस्तावनेत ब्रेल यांनी बार्बियेचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. वयाने, मानाने आणि पैशाने मोठ्या असलेल्या त्या गृहस्थाने आरंभी या पोराची सूचना झिडकारली होती. पुढे मात्र दोघांत आदराचा पत्रव्यवहार राहिला. पहिल्या आवृत्तीत बिंदूंबरोबर काही आडव्या रेघाही होत्या. पाटीवर त्या नीट उमटत नाहीत हे वापरातून कळले, तेव्हा १८३७ च्या आवृत्तीत ब्रेल यांनी त्या काढून टाकल्या. एकच प्रार्थना सहा भाषांत छापून ही लिपी फ्रेंचपुरती नाही हेही त्या आवृत्तीत दाखविले होते. त्याच साली फ्रान्सच्या संक्षिप्त इतिहासाचे तीन खंड या लिपीत निघाले. ब्रेल लिपीत छापलेले हे पहिले पुस्तक. ते तयार करण्यात शाळेतल्या मुलांचेच हात होते.

शोध लागला तेथे चरित्र संपले असे समजून पुष्कळजण ब्रेल यांच्या उरलेल्या आयुष्याकडे पाहत नाहीत. वस्तुतः ते आयुष्य शिक्षकाचे होते. १८२८ पासून त्यांनी साहाय्यक म्हणून आणि १८३३ पासून पूर्ण शिक्षक म्हणून त्याच शाळेत व्याकरण, इतिहास, भूगोल, अंकगणित आणि संगीत शिकविले. पगार तुटपुंजा. राहणे शाळेतच, आणि बाहेर जाण्यास परवानगी लागे. नवशिक्यांसाठी त्यांनी अंकगणिताची एक लहान पुस्तिका लिहिली. ते उत्तम ऑर्गनवादक होते आणि पॅरिसच्या चर्चमधून त्यांनी ही सेवा केली. पुढे एका अधिक गरजू अंध वादकासाठी त्यांनी आपली एक जागा सोडून दिली, असे त्यांच्या मित्रांनी नोंदवून ठेवले आहे. १८३१ मध्ये वडील वारले. मरताना त्यांनी संचालक पिन्ये यांना पत्र पाठवून आपल्या मुलाला अंतर न देण्याची विनंती केली होती. १८३५ च्या सुमारास ब्रेल यांना क्षयाची लक्षणे दिसू लागली. त्यानंतरची सतरा वर्षे आजारपण, विश्रांती, पुन्हा वर्ग, पुन्हा आजारपण अशीच गेली.

या काळातील त्यांचे एक काम फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. बिंदूंची लिपी डोळस माणसाला वाचता येत नाही, ही अडचण त्यांना ठाऊक होती. गावी आई होती, भावंडे होती. त्यांना स्वतःच्या हाताने पत्र कसे लिहावे? १८३९ मध्ये त्यांनी दुसरी पद्धत प्रसिद्ध केली. तीत नेहमीच्या रोमन अक्षरांचेच आकार ठराविक जागी टोचलेल्या बिंदूंनी उमटविता येत, आणि ते वाचण्यास डोळसाला काही शिकावे लागत नसे. हे टोचणे फार वेळखाऊ होते. तेव्हा याच शाळेत शिकलेले अंध कारागीर पिएर फुको यांनी १८४१ मध्ये त्यासाठी एक यंत्र तयार केले. टंकलेखन यंत्र सर्वत्र प्रचारात येण्यापूर्वी कित्येक वर्षे एक अंध शिक्षक आणि एक अंध कारागीर यांनी मिळून केलेली ही करामत आहे. तिच्यातून ब्रेल यांची दृष्टी स्पष्ट होते. डोळस जगाशी संबंध हवा. त्यासाठी निराळे साधन करावे. परंतु त्या संबंधाची किंमत म्हणून अंध मुलाचे वाचन आणि लेखन गहाण टाकू नये.

हेच त्यांच्या शाळेच्या नव्या संचालकांना मान्य नव्हते. १८४० मध्ये पिन्ये यांना दूर सारून त्यांचे दुय्यम द्युफो संचालक झाले. द्युफो अडाणी नव्हते. जन्मांधांच्या शारीरिक व मानसिक स्थितीवर त्यांनी ग्रंथ लिहिला होता. त्यांचे म्हणणे असे की, अंधांना निराळी लिपी दिली की ते निराळे पडतील, समाजापासून तुटतील. त्यांनी उठावदार रोमन अक्षरांना पुन्हा प्रतिष्ठा दिली आणि ब्रेल लिपीला वर्गातून हद्दपार केले. समुद्रापार बोस्टनच्या शाळेत सॅम्युएल हौ हे थोर शिक्षकही याच मताचे होते. युक्तिवाद ऐकावयास उदात्त आहे. त्यात एकच गोष्ट राहून गेली : बोट कोणाचे? ज्यांनी रोमन अक्षरे अंधांसाठी योग्य ठरविली ते स्वतः ती डोळ्यांनी वाचत होते. त्यांना लिपी एकसारखी दिसत होती, पण वाचण्याचा वेग एकसारखा नव्हता, लिहिण्याची सोय तर मुळीच नव्हती. आणि ज्याला लिहिता येत नाही तो समाजापासून तुटलेलाच असतो, मग त्याच्या पुस्तकातील अक्षरे कितीही ओळखीची असोत.

हा वाद इतिहासजमा झाला, असे मात्र म्हणता येत नाही. त्याने वेश बदलला आहे. आज संगणक मजकूर वाचून दाखवितो, खिशातल्या फोनमधून पुस्तके ऐकता येतात. तेव्हा ब्रेलच्या जाडजूड खंडांची गरज काय, असा प्रश्न शहाणी माणसेही विचारतात. ऐकण्याची साधने मोलाचीच आहेत, आणि प्रौढपणी दृष्टी गेलेल्याला तर ती वरदानच होत. परंतु डोळस मुलाने केवळ ऐकून शिकावे, त्याच्या हाती पुस्तक आणि पाटी देऊ नये, असे कोणी सुचविले तर पालक शाळेवर चालून जातील. ऐकून ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, जोडाक्षर कळत नाही, बीजगणिताचे समीकरण कानात धरून सोडविता येत नाही. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात शिक्षणामध्ये ब्रेलच्या वापराला उत्तेजन देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. सर्वसामान्य शाळेत दाखल झालेल्या अंध मुलाजवळ ब्रेल जाणणारा शिक्षक आहे की नाही, यावरच त्या कलमाचा अर्थ ठरतो. स्वस्त आणि सोयीचे काय, हा हिशेब पुन्हा शिकविणाऱ्याच्या बाजूने मांडला जात असेल तर द्युफो यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

द्युफो यांच्या शाळेत मुलांनी आपल्यापुरता निर्णय घेऊन टाकला होता. दिवसा रोमन अक्षरे चाचपावयाची आणि रात्री चोरून बिंदू टोचावयाचे. मोठी मुले लहानांना शिकवीत. लिपी टिकली ती या चोरट्या वर्गांमुळे. शेवटी द्युफो यांचेच साहाय्यक जोझेफ ग्वादे यांच्या ध्यानात आले की जे बंद करता येत नाही ते वाईट असण्याचा संभव कमी. त्यांनी संचालकांचे मन वळविले. शाळेची नवी, हवेशीर इमारत उभी राहिली होती. तिच्या २२ फेब्रुवारी १८४४ च्या उद्घाटन समारंभात ग्वादे यांनी ब्रेल यांच्या लिपीवर निबंध वाचला आणि जाहीर प्रात्यक्षिक झाले. प्रेक्षकांनी सांगितलेला मजकूर एका मुलाने टोचून लिहावयाचा आणि तो उच्चारला गेला तेव्हा हजर नसलेल्या दुसऱ्याने येऊन तो वाचावयाचा, असा तो प्रयोग. मुलांनी मजकूर पाठ केला असावा, ही शंका त्याने निकालात निघाली. त्या सभेत ब्रेल स्वतः उपस्थित होते. पस्तीस वर्षांचे होते, आणि त्यांची प्रकृती इतकी खालावली होती की त्याच साली त्यांना अध्यापन थांबवावे लागले. १८४७ मध्ये ते पुन्हा वर्गात आले. १८५० मध्ये कायमचे थांबले. १८५१ च्या डिसेंबरात रक्तस्राव झाला, आणि वर उल्लेखिलेला जानेवारी आला.

मृत्युपत्रात त्यांनी आईची आणि नातलगांची सोय केलीच. शिवाय आपली खोली झाडणारा, रात्री पहारा करणारा, आजारात उशाशी बसणारा अशा नोकरांचीही आठवण ठेवली. एक लहान पेटी न उघडता जाळून टाकावी असे त्यांनी सांगितले होते. मित्रांना राहवले नाही. त्यांनी ती उघडली, तर आत विद्यार्थ्यांना वेळोवेळी उसन्या दिलेल्या पैशांच्या चिठ्ठ्या होत्या. त्या मग जाळण्यात आल्या.

१८५४ मध्ये फ्रान्सने लिपीला अधिकृत मान्यता दिली आणि १८७८ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तिचा पुरस्कार केला. इंग्लंडात ती रुजली तो प्रकार विशेष मननीय आहे. तेथे उठावदार लिप्यांचे अर्धा डझन पंथ होते आणि प्रत्येकाचा जनक आपलीच लिपी खरी म्हणून सांगत होता. दृष्टी गमावलेले लंडनचे डॉक्टर टॉमस आर्मिटेज यांनी १८६८ मध्ये एक मंडळ स्थापन केले आणि त्यावर बसणाऱ्यासाठी दोन अटी घातल्या : तो बोटांनी वाचणारा असला पाहिजे, आणि कोणत्याही लिपीत त्याचा आर्थिक स्वार्थ गुंतलेला नसावा. परीक्षक बदलताच निकाल बदलला. मंडळाने ब्रेलचा कौल दिला. अमेरिकेत मात्र मिसुरीच्या शाळेने १८६० मध्येच ब्रेल स्वीकारली असताही पुढे बिंदूंच्या तीन-चार प्रतिस्पर्धी पद्धती माजल्या. हेलन केलरसारख्या विदुषीलाही वाचनासाठी निरनिराळ्या लिप्या शिकाव्या लागल्या. इंग्रजी जगाचे एकमत होण्यास १९३२ साल उजाडले.

भारतात अंधांची पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसरला निघाली. मुंबईत १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी शाळा सुरू केली, ती पुढे दादरची अंधशाळा म्हणून ओळखली गेली. १९०२ मध्ये ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा आली. परंतु भाषा अनेक आणि प्रत्येक मिशनची, प्रांताची ब्रेल निराळी, अशी स्थिती अर्धशतक राहिली. एका ठिकाणचे पुस्तक दुसऱ्या ठिकाणच्या मुलाला वाचता येत नसे. स्वातंत्र्यानंतर, केंद्रीय शिक्षण मंत्रालयातील लाल अडवानी यांच्यासारख्या स्वतः अंध असलेल्या अधिकाऱ्यांचा ज्यात वाटा होता अशा प्रयत्नांतून, १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ठरली. मराठीतील क, बंगालीतील क आणि तमिळमधील क यांना एकच चिन्ह मिळाले. डोळस भारतीयांना जे एकलिपीचे स्वप्न शंभर वर्षे वाद घालूनही साधले नाही, ते अंधांनी सहा बिंदूंत साधले, हे नमूद करण्यासारखे आहे. मराठी मूल पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी काढते आणि उच्चारते मागाहून. भारती ब्रेलमध्ये ती वेलांटी व्यंजनानंतर, आपल्या उच्चाराच्या जागी येते.

त्याच्या पुढच्या वर्षी, १९५२ मध्ये, ब्रेल यांच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली. फ्रान्सला आपल्या या नागरिकाची जाण आली होती. कूव्रेच्या दफनभूमीतून त्यांचे अवशेष काढून जूनमध्ये समारंभपूर्वक पॅरिसच्या पांतेआँमध्ये, व्होल्तेअर, रुसो आणि ह्यूगो यांच्या शेजारी नेण्यात आले. हेलन केलर त्यासाठी आल्या होत्या. सोर्बोनमध्ये त्यांनी फ्रेंच भाषेत भाषण केले. अनेक देशांचे अंध नागरिक पांढऱ्या काठ्या घेऊन त्या मिरवणुकीत चालले. कूव्रेचे गावकरी मात्र सगळेच देऊन टाकण्यास राजी नव्हते. ब्रेल यांचे हात त्यांनी गावातच ठेवून घेतले, आणि ते एका लहान कलशात तेथील थडग्यावर आहेत.